भंडाऱ्याची शिडाची होडी

समुद्रावरच्या साहसाचं कौतुक कुणी माझ्यासमोर सुरू केलं, की मी उठून आत जाते. घरी आलेल्यांना ते विचित्र वाटतं. शिकलेली बाई, इतकी वर्षं शाळेत शिकवलेलं, आणि चांगल्या गोष्टी ऐकायला नको? पण मला खरोखरच मळमळायला लागतं. तत्त्वाची वगैरे बाब नाही ती. पोटातून वर येते, ती किळस.

मी भंडाऱ्याला मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. माहेर अड्याळचं, धानाच्या शेतीचं. नवरा नौदलात. तोंडानं मी त्याला जन्मभर 'अहो' म्हटलं, पण लिहिताना 'तो' म्हणते. तेवढी मोकळीक आता घ्यायला हरकत नाही. सत्तरचं दशक निम्मं सरलं तेव्हा तो पेन्शन घेऊन कायमचा घरी आला. नौदलातली सगळी वर्षं त्यानं मोठ्या जहाजांच्या इंजिनखोलीत काढली होती. वर डेकवर येऊन समुद्र बघायलासुद्धा त्याला फारसं मिळत नसे, हे त्यानंच मला सांगितलं होतं. पण घरी आल्यावर त्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं. स्वतःच्या हातानं शिडाची होडी बांधायची, आणि ती पश्चिम किनाऱ्यावरून थेट आफ्रिकेला न्यायची.

"इंजिन लावून काय, कोनीबी जाते," तो म्हणायचा. "हवेवर गेलं पाहिजे. मंग मानूस."

होडी आमच्या परसात उभी राहिली. लाकूड सागाचं, आमच्याकडच्याच जंगलातलं. पितळेचे खिळे नि कड्या गावातल्या कासारांकडून करून घेतल्या. रोज संध्याकाळी तो डांबर उकळायचा, त्यात राळ टाकायचा, फळ्यांना जवसाचं तेल पाजायचा. त्या वासानं घर भरून जाई. भाताला डांबराचा वास, गादीला डांबराचा वास. शाळेत मुली माझ्याजवळ वही तपासायला आल्या की नाक चोळायच्या. गावातली माणसं मात्र रविवारी बायकापोरांसह होडी बघायला यायची, बुडाला हात लावायची, आणि "काय जिगर आहे!" म्हणत माझ्याकडे बघायची, जणू मीही आता काहीतरी अभिमानाचं बोलायला हवं होतं.

लोखंडी सामानासाठी तो चिखल्याला जाई. तिथल्या मँगनीजच्या खाणीत पंप दुरुस्त करणारा एक फिटर त्याला भेटला आणि त्या होडीच्या नादी लागला. तिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, सतत हसणारा माणूस. सुट्टीच्या दिवशी एसटीनं तुमसरमार्गे यायचा आणि दिवसभर आमच्या परसात घण मारायचा. दुपारी मी त्याला जेवायला वाढायची.

"वहिनी, तुमच्या हातचा झुनका म्हन्जे झुनकाच जी," तो म्हणायचा आणि ताटली पुसून खायचा.

एकदा मी त्याला विचारलं, "तुम्ही समुद्र पाहिलाय का कधी?"

"कायचा पाहतो? वैनगंगा पाहिली. अन् गोसेकडचा पूर पाहिला."

"मग कशाला जाता यांच्यासंगं?"

त्यानं ताटली बाजूला सारली. मग म्हणाला, "वहिनी, खाली खानीत डोक्यावर दगड असते. उभं राहाले बी जागा नाही कुठं कुठं. एकडाव अशा जागी जाऊन पाहाचं आहे, जिथं वर काहीच नाही."

त्याचं ते म्हणणं मला समजलं. नवऱ्याचं कधीच समजलं नाही. आफ्रिकेला त्याला काम नव्हतं, तिथलं काही त्याला बघायचंही नव्हतं. तिथं पोचून परत यायचं आणि 'पोचलो' म्हणून सांगायचं, एवढंच.

मी त्याला विचारायची. वादळ आलं तर? मोठ्या जहाजाला तुम्ही दिसलाच नाहीत आणि ते अंगावरून गेलं तर? पिण्याचं पाणी संपलं तर? कुणी पाण्यात पडलं तर? तो हसायचा. "तुले काय समजते समुद्रातलं? कमरेले दोर बांधून राहाचं. पडला तरी होडीसंगच राहते मानूस."

"आणि आजारी पडलं तर?"

"दोन दिवस ओकतात सगळे. मंग सवय होते."

पावसाळ्याच्या अखेरीला होडी वैनगंगेत उतरवून बघायचं ठरलं. काठावर गर्दी जमली. नारळ फुटला, शीड वर गेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि थोडं पुढं जाऊन होडी रेतीत रुतली. मासेमार ढिवरांनी दोर लावून ओढून काढली. सगळे हसले, फिटरही पोट धरून हसला. माझा नवरा हसला नाही. घरी आल्यावर म्हणाला, "नदी हलकट असते. समुद्रात रेती नाही."

पुढच्या दिवाळीच्या सुमाराला होडी ट्रकवर चढवून कोकणाच्या किनाऱ्याला नेली. ऐंशी साल उलटून गेलं होतं. फिटरची बायको दोन मुलींना घेऊन निरोप द्यायला आमच्या दारात आली होती. किडकिडीत, बोलायला स्पष्ट. छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं घर. तिच्या सासऱ्यानं मजुरी करून पोराला कामापुरतं शिकवलं होतं आणि खाणीतली पक्की नोकरी म्हणजे त्या घराचा कळस होता. तिनं मुरमुऱ्याचा चिवडा आणि तिळाचे लाडू भरलेला स्टीलचा डबा नवऱ्याच्या हातात दिला.

"साहेब," तिनं माझ्या नवऱ्याला विचारलं, "किती खोल असते जी तिथं?"

"खोलीसंग काय काम आपल्याले?" तो म्हणाला. "वरच राहाचं आहे."

सगळे हसले. ती हसली नाही. ट्रक सुटला तेव्हा फिटर वर होडीत उभा राहून दोन्ही हात हलवत होता, आणि त्याची धाकटी मुलगी ट्रकच्या धुरात खोकत होती.

त्यानंतर बरेच आठवडे काही कळलं नाही. मी शाळेत जात होते, येत होते. मग एका दुपारी पोलीस ठाण्यातला शिपाई सायकलवर शाळेतच आला. व्हरांड्यात उभा राहून त्यानं सांगितलं, की एका मालवाहू जहाजाला समुद्रात डोलकाठी मोडलेली होडी सापडली. त्यांनी क्रेननं होडी उचलून मुंबईच्या गोदीत आणली. माझा नवरा जिवंत आहे, दवाखान्यात आहे.

"आणि दुसरे?" मी विचारलं.

"एकच मानूस होता म्हने, बाई."

मी मुंबईला गेले. दवाखान्यात नवरा पालथा झोपला होता, कारण त्याला बसता येत नव्हतं. खाऱ्या पाण्यात सतत बसून कुल्ल्यांवर, मांड्यांवर फोड आले होते, ते फुटून चिघळले होते. ओठ सालपटलेले. तोंडाला घाण मारत होती. मला दया आली, खोटं कशाला सांगू. मी त्याच्या केसांतून हात फिरवला. तो म्हणाला, "त्याले लाटेनं नेलं. एका क्षनात. काही करता नाही आलं." आणि रडला. मीही रडले.

दुसऱ्या दिवशी त्याचे कागद आणि कपडे आणायला मी गोदीत गेले. होडी धक्क्यावर एका बाजूला कलंडून ठेवलेली होती. गोदीतल्या एका माणसानं शिडी लावून दिली, आणि "बाई, नाकाला पदर लावा," म्हणाला.

मी पदर लावला, पण त्याचा काही उपयोग नव्हता. खालची खोली म्हणजे माणूस धड उभा राहू शकणार नाही असं एक खोकं. तळाशी काळं पाणी डचमळत होतं. त्यात रॉकेल, कुजलेले बटाटे, भिजून फुगलेला तांदूळ. झुरळं भिंतीवरून एकमेकांवर चढत होती. पाण्याच्या पिंपाचं झाकण उघडलं तर आत गंजाचा आणि शेवाळाचा बुळबुळीत थर. हेच ते पीत होते. एका कोपऱ्यात पत्र्याची बादली होती. ती कशासाठी होती ते सांगायला नको, आणि ती कुणी ओतलेली नव्हती.

डाव्या बाजूच्या फळीवर फिटरची घोंगडी होती. मी ती ओळखली, कारण आमच्या परसात तो तीच अंथरून दुपारी पडायचा. ती उचलायला गेले तर उचलली जाईना. वाळलेल्या ओकारीनं ती फळीला चिकटली होती. एकदाची नव्हे, थरावर थर होते. फळीच्या कडेला, जिथं डोकं येतं तिथं, लाकडावरसुद्धा ओघळ सुकले होते. उशाला स्टीलचा डबा. मी तो उघडला. लाडवांवर हिरवी लव आली होती. एकही खाल्लेला नव्हता.

मी वर आले आणि धक्क्यावरच ओकले.

तेवढ्यावरून मला कळलं, की ही एका क्षणाची गोष्ट नव्हती. पण त्या वेळी मी नवऱ्याला काही विचारलं नाही. त्याला घरी आणलं. रोज कडुलिंबाच्या पाण्यानं फोड धुवायचे, मलम लावायचं, पट्टी बांधायची. जरा बरा झाल्यावर तो गावातल्या दोघा-तिघांबरोबर जीपनं चिखल्याला जाऊन आला. मी विचारलं, "त्यांच्या बायकोला सगळं सांगितलंत?"

"सांगतलं ना. सगळं."

मग एका संध्याकाळी जेवताना तो आपणहूनच बोलायला लागला. मी वाढत होते. दुसऱ्याच दिवसापासून फिटर ओकायला लागला, तो म्हणाला. सवय झालीच नाही. पाणीसुद्धा पोटात ठरेना. "तिसऱ्या दिवशी म्हने, परत चाला. हात जोडून राहिला होता."

"मग?"

"मंग काय? किनारा मागं होता, पन वारा असा मस्त लागला होता! असा वारा सोडून कोन परततो? अन् गावात काय तोंड दाखवतो? अगोदरच नदीत रुतलो म्हनून हसले लोकं."

आठवडाभर फिटर त्या फळीवर पडून होता. आत वास सहन होत नाही म्हणून माझ्या नवऱ्यानंच त्याला सांगितलं, की ओकायचं ते बाहेर जाऊन ओक. तो रांगत वर यायचा, कडेवर वाकायचा, परत रांगत जायचा. कमरेचा दोर दर वेळी सोडायला आणि बांधायला त्याच्या बोटांत जीव नव्हता, म्हणून बांधायचं सोडून दिलं. एका सकाळी, चांगलं ऊन पडलेलं असताना, तो असाच वाकला होता; मागून लाट आली, आणि कडेवर कुणी नव्हतं.

"पोहत होता का?" मी विचारलं.

"वर होता थोडा वेळ. हात वर केला त्यानं. आता माही हालचाल पाह्य," असं म्हणून नवऱ्यानं वाटी उचलली. ताटातल्या भातावर वाटी म्हणजे होडी. "वारा मागून. शीड पूर्न भरलेलं. एकदम वळवली तर डोलकाठीच जाते. तं पयले शीड उतरवा लागते, मंग असं... असं आनून..." तो वाटी फिरवत होता. त्याचे डोळे चमकत होते. "भल्याभल्याले नाही जमत ते. मी एकट्यानं वळवली; डोलकाठी गेली ते नंतर. पन तोपर्यंत लाटाच लाटा. डोस्कं नारळाएवढं दिसते, अन् एका लाटेमागं गेलं की संपलं."

मग त्यानं ती वाटी तोंडाला लावली, वरण प्यायला, आणि म्हणाला, "भात वाढ."

मी वाढला. माझा हात यंत्रासारखा चालला. आजही ते वरण पिण्याचा आवाज माझ्या कानात आहे, आणि सांगते, होडीतल्या त्या खोलीपेक्षा तो आवाज घाण होता.

काही दिवसांनी गावात त्याचा सत्कार ठरला. समुद्र ओलांडला नव्हता, निम्म्यातही पोचला नव्हता, पण लोकांना सत्कार करायचा होता. हॉल भरला. व्यासपीठावर हार, शाल, पितळेची परात, तिच्यावर शिडाची होडी कोरलेली. मलाही वर बसवलं होतं. पहिल्या रांगेत फिटरची बायको, दोन्ही बाजूंना मुली. तिला लुगडं आणि नारळ दिला. बौद्ध घरात नारळाचं काही नव्हतं. तिनं तो हळूच खुर्चीखाली ठेवला.

नवरा बोलायला उभा राहिला. बोलायला चांगला होता तो. समुद्र, तारे, माणसाची हिंमत. मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझा साथीदार शेवटच्या श्वासापर्यंत हसत होता. मला म्हणत होता, साहेब, मागे वळू नका, पुढे चला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. काही जणांनी डोळे पुसले. 

टाळ्या थांबल्या तेव्हा फिटरची बायको उभी राहिली होती.

"साहेब, एक विचारू का जी?" ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण मागच्या रांगेपर्यंत गेला. "तो पुढं चला म्हने, असं तुमी घरी बी सांगतलं. मले काही पटून नाही राहिलं. पोरीले ताप आला तरी अर्ध्या वाटेतून परत येनारा मानूस होता तो. एकडाव बी म्हनला नाही का, की परत चाला?"

तेव्हा मला समजलं, की तिला काहीच सांगितलं गेलेलं नव्हतं.

नवरा म्हणाला, "नाही. एकदाही नाही."

"म्हटलं होतं," मी म्हणाले.

मी उभी कधी राहिले ते आठवत नाही. मी तिच्याकडेच बघून बोलले, बाकी कुणाकडे नाही. "तिसऱ्या दिवशी म्हटलं होतं. हात जोडून म्हटलं होतं. किनारा मागेच होता. तुमचा नवरा ओकून ओकून अर्धा झाला होता, पाणी ठरत नव्हतं. यांनी होडी वळवली नाही, कारण गाव हसेल. दोरही बांधलेला नव्हता. हसत वगैरे कुणी नव्हतं."

अध्यक्ष उठले. "बाई, बाई, हे घरचं घरी. प्रसंग काय, आपण बोलता काय." मागून कुणीतरी म्हणालं, "नवऱ्याची अशी इज्जत काढते का बाई?" नवरा माझ्याकडे बघत होता, गळ्यात झेंडूचा हार, आणि त्याच्या तोंडावर दुःख नव्हतं. चिडलेल्या पोराचं तोंड होतं ते, खेळणं हिसकावलेल्या पोराचं.

ती मुलींचे हात धरून बाहेर पडली. मीही पडले. एसटी स्टँडवर आम्ही एका बाकावर बसलो.  मुली भजी खात होत्या.

"त्याले जत्रेतल्या पाळन्यात बी मळमळे," ती म्हणाली. "मी सांगतलं होतं त्याले. म्हने, तिथं तशी हवा नसते." मग विचारलं, "शेवटी काय केलं त्यानं?"

"हात वर केला होता, म्हणाले."

"म्हन्जे वाचवा म्हनत होता."

"हो."

तिनं मान हलवली. तुमसरची गाडी लागली तेव्हा उठली, लुगड्याची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "हे त्याईले वापस करजा, बाई. अन् तुमी सांगतलं ते बरं केलं. पन मले तुमच्या घरच्या कोनाचं तोंड पाहाचं नाही आता. तुमचं बी नाही." मुलींना पुढं घालून ती गाडीत चढली. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती अगदी सरळ बोलली.

गावानं मला माफ केलं नाही. शाळेत सहकारी शिक्षिका डबा खाताना जरा सरकून बसू लागल्या. अड्याळहून भाऊ आला आणि म्हणाला, "तुले काही अक्कल? मेला तो मेला. जित्याले कायले मारतेस?" नवरा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मग एकदा म्हणाला, "तू मले गावात नागडं केलं." मी म्हणाले, "तुम्ही त्याला दोर बांधला नाही." एवढंच आमचं त्या विषयावरचं बोलणं.

पुढच्या वर्षी ती होडी ट्रकनं परत आली. मला वाटलं, फोडून सरपण करेल. तर हा नवी डोलकाठी घडवायला बसला! परत डांबर, परत राळ. आणि परत माणसं यायला लागली. मला शिसारी आली ती याची. सगळं ऐकलेलं, सगळं माहीत असलेलं, तरी धडधाकट बायकापोरांची माणसं दारात उभी राहून विचारत होती, "साहेब आहेत का? मले बी जाचं आहे."

मी एकालाही नाही म्हटलं नाही. प्रत्येकाला परसात नेलं. नवऱ्यानं बाहेरून सगळी होडी रंगवली होती, पण खालच्या खोलीला हात लावला नव्हता. तिचं झाकण तो बंदच ठेवायचा. मी ते झाकण उघडायची आणि म्हणायची, "आत डोकं घाला. ती डावीकडची फळी बघा. तिथं तुम्ही झोपणार." उन्हानं तापलेली ती हवा वर यायची. एक तलाठी होता, तो तोंडावर हात दाबून कुंपणापर्यंत पळाला. एक पहिलवान होता, तो आत पूर्ण उतरला, वर आला, आणि चहा न घेता गेला. जास्त कुणाला समजवावं लागलं नाही. बोलून जे पटत नाही ते नाकाला पटतं.

एकटं जायची नवऱ्याची हिंमत नव्हती. त्याचं धाडस बघायला कुणीतरी बरोबर लागायचं. मग हळूहळू डोलकाठीचं काम थांबलं. एका पावसाळ्यात होडीत पाणी साचलं, फळ्या सुटल्या, आणि डुकरं तिच्या सावलीला बसू लागली. ऐंशीचं दशक संपायच्या आत लाकूड सुताराकडे गेलं.

मी त्याला सोडून गेले नाही. लोक मला ते विचारतात. जाण्याएवढी नोकरी माझ्या हातात होती, पण त्याच्या फोडांनी पुढं कायमचं दुखणं धरलं, आणि पट्टी बांधायला दुसरं कुणी नव्हतं. मी रोज बांधली. स्वयंपाक केला, कपडे धुतले, तो शेवटी अंथरुणाला खिळला तेव्हा सगळं केलं. त्याच्या पुवाची, मुताची मला कधी घाण वाटली नाही. पण आमच्या घरी नवऱ्याच्या ताटात बायकोनं जेवायची रीत होती, आणि लग्नापासून मी ती पाळत होते. वाटीची होडी करून तो वरण प्यायला, त्या संध्याकाळपासून मी माझं ताट वेगळं वाढून घेतलं. सासरच्यांनी विचारलं, शेजारणींनी विचारलं. त्यानं मात्र कधीच विचारलं नाही, काहून म्हणून.